न बांधलेल्या धरणाचा पूर

“फुटलं, फुटलं, वरचं धरण फुटलं. लेकरं उचला, म्हाताऱ्या उचला, बाकीचं राहू द्या.”

मासे विकणारा डोमा वाचनालयाच्या पायऱ्यांवरून असा ओरडत सुटला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्याच्या डोक्यावरच्या टोपलीतले मासेसुद्धा, मी शपथेवर सांगतो, उडी मारून त्याच्या पुढे पळायच्या बेतात होते. पुढच्या पाच मिनिटांत नदीटोला रिकामा झाला. नदीटोला म्हणजे बालाघाटात वैनगंगेच्या घाटाला चिकटून असलेली वस्ती. एरवी या वस्तीला जागचं हलवायला मतदानाचा दिवसही पुरत नसे. त्या दिवशी मात्र तीन वर्षं खाटेवरून न उठलेली सोनाबाई जात्याची वरची तळी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे धावत होती, आणि खालची तळी घेऊन तिचा थोरला लेक रडत मागून येत होता. एकाने नवी सायकल डोक्यावर घेतली होती. बसून का गेला नाहीस, म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाला, “चिखल लागला असता जी.”

सगळी वस्ती रेल्वेच्या भरावावर जमली. आसपास उंच म्हणावी अशी तेवढी एकच जागा. तेवढ्यात गोंदियाहून येणारी छोट्या लाईनची गाडी आली आणि माणसं, शेळ्या, गाद्या, देव्हारे असा पसारा रुळांवर बघून थांबली. ड्रायव्हर खाली उतरला आणि आदराने विचारू लागला, “कौन सा मेला है भाई?”

आणि नदीच्या दिशेने, म्हणजे जिकडून पाणी यायचं होतं तिकडूनच, काळी छत्री धरून, काखेत मेणकापडात गुंडाळलेलं रजिस्टर घेऊन उकंडराव वासनिक सावकाश चालत आले.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“धरण फुटलं, बाबू,” डोमा म्हणाला. “वरचं.”

“वर धरण हाये कुठं?”

डोमाने क्षणभर विचार केला. “नसंल. पण फुटलं तर हाये ना. पेपरात आलं.”

“कोणत्या पेपरात?”

“वाचनालयातल्या.”

उकंडरावांनी छत्री मिटली. पाऊस पडत होता, तरी मिटली. “तो पेपर माहा हाये,” ते म्हणाले.

उकंडराव वैनगंगेचं पाणी मोजायचे. घाटावर आकडे रंगवलेला एक खांब होता. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला पायऱ्या उतरून, खांबावरचा आकडा वाचून, रजिस्टरात लिहून खाली सही करायची, एवढंच त्यांचं काम. जूनमध्ये नेमणूक, पावसाळा ओसरला की सुट्टी, मग राईस मिलमध्ये पोती शिवायची. अकरा वर्षं हा माणूस असा हंगामी होता. उंच एवढे की घाटावर उभे राहिले तर लोक खांबाकडे न बघता त्यांच्याकडे बघत. गुडघ्यापर्यंत आलं म्हणजे बरं, कमरेपर्यंत आलं म्हणजे गाठोडी बांधा.

आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईने यांचं नाव उकंडा ठेवलं. उकिरड्यावरचा कचरा समजून यम पुढे जाईल, असा तिचा अंदाज. यम गेला पुढे. पण हा माणूस जन्मभर त्याच्या पाठीकडे बघत राहिला, की आता तो कोणाच्या दाराशी वळतो.

त्यांना पुढचं दिसायचं. ज्योतिषासारखं नव्हे, ज्योतिषावर त्यांचा राग होता. छप्पन साली नागपुराहून बुद्धाला शरण जाऊन आले, त्या दिवशी घरातलं पंचांग त्यांनी चुलीत घातलं होतं. त्यांना दिसायचं ते यंत्रांचं, हवेचं, पाण्याचं, माणसांच्या चालीरीतींचं पुढचं. आणि हे सगळं आलं होतं एका ट्रंकेतून. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतला एक साहेब गाव सोडताना ट्रंकभर इंग्रजी मासिकं टाकून गेला. मुखपृष्ठावर अग्निबाण, तीन डोळ्यांची माणसं, काचेच्या घुमटाखालची शहरं. उकंडरावांनी डिक्शनरी घेऊन चार वर्षांत ती ट्रंक वाचून काढली. त्यामुळे त्यांना ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘ग्रहमाला’ इंग्रजीत येत होतं, पण पोस्टात तिकीट मागता येत नव्हतं.

यात एक गोम होती. ट्रंकेला मागच्या बाजूने वाळवी लागलेली होती. प्रत्येक मासिकाची शेवटची पानं तिने खाल्ली होती. त्यामुळे उकंडरावांनी वाचलेली प्रत्येक कथा ऐन संकटात थांबलेली. समुद्र शहरात शिरलाय, यंत्रं मालकांवर उलटलीत, हवा संपत आलीय, आणि पुढे वाळवीचा भुसा. साहेबाच्या देशातली माणसं शेवटच्या पानावर बचावत असतील, लग्नंही करत असतील. आमच्या उकंडरावांना ते कधी कळलं नाही. त्यांच्या हिशेबाने माणूसजात अजून तशीच पाण्यात उभी होती.

त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, “किती दिवसांचं हे?” आणि उत्तरही तेच द्यायचे. माझ्या सायकलीला त्यांनी बारा वर्षं दिली. कचेरीपुढच्या चिंचेला तीस. घाटावरच्या वाळूला चाळीस. वाळू संपेल म्हटल्यावर आम्ही असे हसलो की पानवाल्याच्या हातातला चुना सांडला. नवं लग्न झालं तेव्हा मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि गमतीने विचारलं, “उकंडराव, याला किती देता?” त्यांनी आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “गुरुजी, याले पट्टी नाही.”

सगळं खरं व्हायचं असं नाही. बैलाच्या कानात बिनतारी यंत्र बसवून लालबर्‍यात बसल्या बसल्या खैरलांजीचं शेत नांगरता येईल, असं ते म्हणायचे. डास नाहीसे होतील असंही म्हणाले होते. मी अजून वाट बघतोय. शाळेत खुर्चीवर मास्तरांऐवजी रेडिओ ठेवतील, असं त्यांनी आमच्या हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, “आणि पोरांले मारंल कोण?” उकंडराव खरोखर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन म्हणाले, “त्याचीबी सोय करतील जी. पोरं आपली आपल्यालेच मारून घेतील.” तेव्हा आम्ही हसलो. आता शिकवणीला जाणाऱ्या नातवाचं तोंड बघतो आणि हसू येत नाही.

एकदा मात्र तेव्हाही कोणी हसलं नाही. वाचनालयात चर्चा चालली होती. राज्यं नवी झाली, आपण मध्य प्रदेशात राहिलो, नागपूर तिकडे गेलं, वगैरे. उकंडराव कोपऱ्यातून म्हणाले, “आपले नातू हा पेपर वाचतील बरोबर. अक्षरं तेच हायेत ना, हिंदीचे न् मराठीचे. घडाघडा वाचतील. फकत समजनार नाही त्याईले.” सगळे आपापल्या पोरांचा विचार करत घरी गेले.

आमच्या घरच्या लग्नातली गोष्ट सांगतो, कारण ती सांगताना मला अजून खाली बघावंसं वाटतं. रामपायलीला माझ्या मामेभावाचं लग्न होतं. मी उकंडरावांना बोलावलं होतं. मी बोलावलं, पण पाट मामांनी मांडले. उकंडरावांचा पाट गोठ्याच्या आडोशाला, पंगतीपासून चार हात दूर. ते बसले, जेवले. मामा वाढायला फिरत होते. जिलबीचा आग्रह करता करता ते तिथपर्यंत आले, उकंडरावांच्या ताटात जिलबी लांबूनच टाकली, आणि ताण हलका करावा म्हणून म्हणाले, “काय बाबू, तुमच्या त्या पुढच्या जमान्यात जेवण कसं राहीन?”

“गोळी राहीन, पाटील,” उकंडराव म्हणाले. “येवढीशी. एक खाल्ली का दिवस भागला.”

मामा हसले. “मंग पंगत कायची न् आग्रह कायचा?”

“पंगतच नाही ना जी. गोळी कोनं कुठं बसून खाल्ली, ते कोणी पाहत नाही.”

मामांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. मी तेव्हा पहिल्यांदा समजलो, की या माणसाला भविष्याची एवढी भीती वाटते तरी तो तिकडेच का बघत राहतो. आम्हाला मागे बघायला राम होता, राजे होते, मामांचे पाट होते. त्यांना मागे बघण्यासारखं फार थोडं होतं.

तर ते वर्तमानपत्र. वाचनालयाचा चिटणीस मीच. उकंडरावांनी एकदा विचारलं, “गुरुजी, भिंतीवर थोडी जागा देता का?” मी दिली. तेव्हापासून दर शनिवारी ते मोठ्या कागदावर, रेघ मारून, छापल्यासारख्या अक्षरांत ‘पुढचं वर्तमान’ लिहून आणत. वर साल असे: सन दोन हजार, दोन हजार एक, असं काहीतरी. खाली त्या दिवशीच्या बातम्या. चंद्रपुरात दुपारी बाहेर पडण्यास बंदी. जंगलातील शेवटचं अस्वल दवाखान्यात. यंत्राने यंत्राची बदली केली. लोक वाचत, हसत, आणि घरी जाताना आभाळाकडे एकदा बघत.

त्या शनिवारी त्यांनी लिहिलं होतं की वर डोंगराकडे बांधलेलं धरण पहाटे फुटलं, आणि वैनगंगेचं पाणी बालाघाटाकडे येत आहे. वर धरण होणार अशी तेव्हा नुसती बोलवा होती. एक दगडही रचला नव्हता. उकंडरावांनी ते आधी बांधलं, मग फोडलं, सगळं एका कागदावर.

आता आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे. नागपूरचा पेपर आमच्याकडे छोट्या गाडीने यायचा आणि एक दिवस शिळा असायचा. त्यामुळे बालाघाटात कोणी बातमी वाचली की ती काल झाली, हे धरूनच चालायचं. मंत्री उद्या येणार असं छापलं असेल तर आमच्याकडे लोक म्हणत, येऊन गेला. आणि त्या दिवशी मी, टाचण्या कमी होत्या म्हणून, नागपूरचा पेपर उकंडरावांच्या कागदाच्या वरच्या भागावरच टाचला. साल झाकलं गेलं. खालून फक्त बातमी दिसत राहिली. कोणीतरी ती डोमाला वाचून दाखवली. डोमाने हिशेब केला: धरण काल फुटलं, म्हणजे पाणी आज पोचणार. हिशेब चोख होता. मीही तोच केला असता.

भरावावरून लोक हसत उतरले. काहींनी उकंडरावांना शिव्या दिल्या, पण त्यात राग कमी होता. सोनाबाईला तर चालता येतं हे कळल्यामुळे तिच्या सुना खूश होत्या. गोष्ट तिथे संपायची. पण गाडी थांबली होती, आणि गाडी थांबली की कागद चालू लागतात.

उकंडरावांच्या खात्याचे मोठे साहेब चौकशीला आले. जबलपूरकडचे, गोरे, घामेजलेले, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांची अडचण अशी की वर काय कळवायचं. ‘धरण सुरक्षित आहे’ असं लिहिलं तर धरण आहे असं होतं. ‘धरण नाही’ लिहावं तर वरच्या कुठल्यातरी फायलीत ते असूही शकतं. दोन दिवस विचार करून त्यांनी ठरवलं, की ज्याने लिहिलं त्यानेच लिहून द्यावं.

साक्षीला मलाही बोलावलं होतं. मी सांगितलं, “साहब, कागज मैंने लगाया था। साल मेरी वजह से छुप गया।”

साहेब म्हणाले, “आप शिक्षा विभाग के हैं। आपकी गलती आपका विभाग देखेगा।” माझ्या विभागाने ती अजून बघितलेली नाही.

मग त्यांनी उकंडरावांपुढे कागद सरकवला. दोनच वाक्यं होती. पहिलं, सदर समाचार असत्य है. दुसरं, भविष्य में भी ऐसा कुछ नहीं होगा. खाली सहीची जागा. आणि त्या कागदाच्या बाजूलाच, सर्वांना दिसेल अशी, दुसरी फाईल होती. अकरा वर्षांनी उकंडरावांना कायम करण्याचा हुकूम त्यात तयार होता.  साहेबांनी नुसता हात त्या फाईलीवर ठेवला.

उकंडरावांनी कागद दोनदा वाचला. “पहिल्यावर करतो सही,” ते म्हणाले. “दुसऱ्यावर नाही जमत.”

“क्यों?”

“साब, मी पानी मोजतो. जे मोजलं नाही, त्याच्यावर सही करत नाही.”

“और अखबार में जो लिखा, वो नापा था?”

“ते गोष्ट होती साब. गोष्टीच्या खाली सही नसते. पाहून घ्या.”

साहेबांनी खरंच कागद आणवला आणि पाहिला. सही नव्हती. त्यांनी तो घडी घालून फाईलीत ठेवला. मग म्हणाले, “वासनिक, सोमवार तक सोच लो। उसके बाद मेरे हाथ में भी कुछ नहीं।”

आज हे सांगायला हलकं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. सही नाही म्हणजे नोकरी नाही. नोकरी नाही म्हणजे घाटावरची सरकारी खोली सोडून खैरलांजीकडच्या गावाला परत जायचं. तिथे पाटलाच्या बांधीत भाताची रोवणी करायची, आणि शाळा पाचवीपर्यंत. त्यांची मुलगी विशाखा आठवीत होती. वर्गात पहिली यायची. नुसती हुशार नव्हे. मी तिला वर्गात प्रश्न विचारायचं टाळायचो, कारण उत्तर देऊन झालं की ती उलट विचारायची.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. भागरथाबाई, त्यांची बायको, दारात तांदूळ पाखडत होत्या. सूप नेहमीपेक्षा जोरात चाललं होतं. “या गुरुजी,” त्या म्हणाल्या. “समजावून पाहा. माह्यानं तर झालं नाही.”

उकंडराव भिंतीला टेकून बसले होते. दोन दिवसांत माणूस वितभर कमी झाल्यासारखा दिसत होता.

मी म्हणालो, “उकंडराव, एक ओळ हो. कोण वाचतं?”

“मी वाचतो ना जी.”

“अहो, पुढे काही होणार नाही असं लिहिल्याने काय होणार थांबतं का?”

“थांबत नाही. तेच तर भेव हाये. उद्या खरंच धरण झालं, न् खरंच फुटलं, तर लोक म्हनतील, मोजणाऱ्यानं लिहून देल्लं होतं, काई होत नाही म्हणून. लोक झोपून राहतील गुरुजी.”

सूप थांबलं. भागरथाबाई दारातूनच बोलल्या, आवाज न चढवता. “तुमच्या पुढच्या जमान्याले घर लागत नाही. मले लागते. परवापासून भांडे बांधून ठेवले मी. धरणासाठी नाही. तुमच्यासाठी.”

 विशाखा आतल्या बाजूला पुस्तक उघडून बसली होती. पान उलटत नव्हती, म्हणजे ऐकत होती. उकंडरावांनी मान वळवली आणि तिला विचारलं, जसं साहेबाला विचारावं तसं, “तू सांग. काय करू?”

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “बाबा, तुमी जे कराल ते. पण मले पुढं शिकायचं हाये.”

सोमवारी ते कचेरीत गेले. मी शाळेला रजा टाकून बाहेर बाकावर बसलो. भागरथाबाई कुंपणाशी उभ्या होत्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. उकंडराव बाहेर आले ते हातात कायम झाल्याचा हुकूम घेऊन. तो त्यांनी बायकोच्या हातात दिला, आणि घड्याळ बघून घाटाकडे वळले. बाराची वेळ झाली होती.

दोन्ही ओळींवर सही केली होती.

लोकांना वाटलं, चला, मिटलं. तर नाही. उकंडरावांनी ती सही खरी धरली. शनिवारी कागद आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. भविष्यात काही होणार नाही असं लिहून दिलंय, मग भविष्याबद्दल एक शब्द बोलणं म्हणजे स्वतःच्या सहीला खोटं पाडणं, असा त्यांचा हिशेब. आणि एकदा हिशेब मांडला की तो माणूस त्यात हातचा विसरत नसे. मी म्हणायचो, “उद्या जेवायला या.” ते म्हणायचे, “उद्याचं मी सांगत नाही.” मग त्याच दिवशी, ताटं मांडल्यावर बोलावलं तर यायचे. शिंप्याने विचारलं, सदरा कधी नेता, तर म्हणाले, “शिवून झाल्यावर विचार.” ‘येतो’ म्हणून निघायची आपली पद्धत, तीही सोडली. नुसते उठून जायचे.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हेच. तो माणूस बोलायचा तोवर आम्ही हसायचो. तो गप्प झाला आणि गावाला भीती वाटायला लागली. एवढं बोलणारा माणूस एकदम गप्प का? असं काय दिसलं असेल? त्यांच्या प्रत्येक हालचालीवर नदीटोल्याचा डोळा बसला. त्यांनी रॉकेल दोन बाटल्या नेलं तर दुकानातलं रॉकेल संध्याकाळपर्यंत संपायचं. भागरथाबाईंनी एकदा गादी उन्हात घातली, तर शेजारच्या तीन घरांनी सामान भरावावर नेऊन ठेवलं. डोमा तर पावसाळाभर गाठोडं बांधून झोपायचा; बायको म्हणाली, तिला चार महिने जे लुगडं पाहिजे ते गाठोड्याच्या तळाशीच असायचं. वाचनालयाच्या भिंतीवरची ती जागा मी रिकामी ठेवली होती. लोक येत, नागपूरचा पेपर वाचत, आणि मग त्या रिकाम्या जागेपुढे जास्त वेळ उभे राहत. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, “गुरुजी, हे असं कोरं होनार हाये का?”

मी एकदा धीर करून त्यांना म्हणालो, “उकंडराव, लोक घाबरलेत. काहीतरी बोला. वाईट बोला, पण बोला.”

त्यांनी मेणकापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “लिहून देल्लं ना जी,” एवढंच म्हणाले.

अशी वर्षं गेली. विशाखा मॅट्रिक झाली, नागपूरला कॉलेजात गेली. माझी सायकल मोडली. किती वर्षांनी ते मी मोजलं नाही, मुद्दाम. आणि एक दिवस पानवाल्याच्या रेडिओवर सांगितलं, की माणूस चंद्रावर उतरला.

त्या दिवशी बालाघाटात जे झालं ते अमेरिकेतही झालं नसेल. शाळा आपोआप सुटली. डोमा कण्हेरीची फुलं ओवून माळ घेऊन आला. आज बाबू बोलणारच, असं सगळ्यांनी धरलं. आता तर खुद्द रेडिओ त्यांच्या बाजूने होता, कोणाची सही त्याच्या आड येणार? साठ-सत्तर माणसं, मी, हेडमास्तर, सोनाबाईचे लेक, असे सगळे मिरवणुकीने घाटाकडे निघालो. आभाळ भरलेलं होतं. चंद्र सोडा, सूर्यही कुठे आहे ते कळत नव्हतं. पाऊस बारीक पडत होता, आणि चालता चालता मिरवणुकीचा आवाज कमी होत गेला. घाटावर पोचलो तेव्हा सगळे गप्प होते.

बाराची वेळ होती. उकंडराव खालच्या पायरीवर उभे होते. केस पांढरे झालेले. पाण्याचा रंग लाल, आणि त्यातून एक आख्खं झाड, मुळांसकट, सरळ उभं राहिल्यासारखं वाहत गेलं. त्याच आठवड्यात माझी बदली झाली, म्हणून त्यांना पाहिलेलं हे शेवटचं.

डोमा दोन पायऱ्या उतरला. माळ त्याच्या हातातच राहिली. “बाबू,” तो म्हणाला, “मानूस चंद्रावर गेला म्हणे.”

उकंडरावांनी मान हलवली. ऐकलं होतं.

“मंग आता पुढं काय? आमच्या लेकराईचं काय होईन? तुमी सांगा. तुमचं नाव कोणाले सांगत नाही आमी.”

साठ-सत्तर माणसं श्वास धरून उभी होती. मीही होतो. उकंडरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. आमच्याकडे पाहिलं, एकेका तोंडाकडे. ओठ हलले असं मला वाटलं. मग ते वळले, वाकून खांबाकडे पाहिलं, रजिस्टर उघडलं, लिहिलं, खाली सही केली.

“अकरा फूट दोन इंच,” ते म्हणाले. “चढून राह्यलं.”